अजिंठ्याच्या चित्रकथा आणि मुंबईचे विद्यार्थी

चित्रशाळेंतील शिक्षण पुरें करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचीं प्रदर्शनें आतां आपल्याकडे नवीं राहिलेलीं नाहींत. अशा प्रदर्शनांतून अलीकडे एक प्रकार विशेष दिसूं लागला आहे, तो म्हणजे चित्रांच्या द्वारें कथा सांगण्याचा. विद्यार्थी एखाद्या गांवाची, एखाद्या कुटुंबाची किंवा एखाद्या प्रवासाची हकीगत दहा-वीस चित्रांत मांडतो, आणि शब्दांची मदत शक्य तितकी कमी घेतो. लोक येतात, एका चित्रापुढून दुसऱ्या चित्रापुढें सरकतात, रंगांची तारीफ करतात आणि निघून जातात. परंतु त्या चित्रांनीं सांगितलेली कथा त्यांच्यापैकीं किती जणांच्या ध्यानांत आली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबईच्या चित्रशाळेंतील विद्यार्थ्यांनीं सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं अजिंठ्याच्या चित्रकथा भिंतीवरून कापडावर उतरविल्या. तीं कापडें सातासमुद्रांपलीकडे लोकांपुढें मांडलीं गेलीं, आणि तेथें जवळजवळ असाच प्रकार घडला. त्या विद्यार्थ्यांच्या श्रमाचा इतिहास आज मी आपणांस थोडक्यांत सांगणार आहें. तो केवळ अभिमानानें सांगण्याजोगा आहे असें नाहीं. चित्रांतील कथा कशानें टिकते व कशानें हरवते, याचा एक मोठा धडा त्यांत आहे, म्हणून तो सांगावासा वाटतो.

अजिंठ्याचीं लेणीं वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या वांकलेल्या कड्यांत कोरलेलीं आहेत. त्यांतील सर्वांत जुनीं इसवी सनापूर्वींचीं आहेत. ज्यांच्या चित्रांमुळें अजिंठ्याची जगभर कीर्ति झाली तीं बहुतेक लेणीं पांचव्या शतकांत, वाकाटक नृपति हरिषेण याच्या काळांत तयार झालीं. पुढें तीं ओस पडलीं. आसपासच्या रानांतील माणसांना तीं ठाऊक होतीं, परंतु बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता लागली ती १८१९ सालीं. त्या वर्षीं मद्रासच्या सैन्यांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी तेथें पोंचला आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. चित्राच्या अंगावर नांव कोरणारा पाहुणा पहिल्याच दिवशीं आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वार्ता पसरल्यावर विद्वानांना काळजी वाटूं लागली. मातीच्या लेपावर काढलेलीं हीं चित्रें ओल, वटवाघळें आणि हौशी प्रवासी यांच्या तावडींतून किती दिवस वांचणार? तीं नाहींशीं होण्याच्या आंत त्यांच्या प्रती काढून ठेवाव्या, असें ठरलें. १८४४ सालीं या कामावर रॉबर्ट गिल नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिल यांनीं आपल्या आयुष्याचीं जवळजवळ वीस वर्षें या कामांत घातलीं आणि सुमारें तीस मोठ्या तैलचित्रप्रती तयार करून विलायतेस पाठविल्या. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या कांचमहालांत त्या मांडण्यांत आल्या, आणि १८६६ सालच्या डिसेंबरांत त्या महालास आग लागून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती सोडल्या तर बाकीच्या सर्व जळून गेल्या. ज्या चित्रांना ओलीपासून वांचवावयाचें होतें त्यांच्या प्रतींना अग्नीनें गांठलें.

आतां मुंबईकडे वळूं. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईंत जी चित्रशाळा सुरू झाली, तिला आपण सर्वजण जे. जे. स्कूल या नांवानें ओळखतों. जॉन ग्रिफिथ्स हे १८६५ सालीं तेथें शिक्षक म्हणून आले व पुढें त्या शाळेचे प्रमुख झाले. त्या काळचा शिक्षणक्रम विलायतेच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीवर बेतलेला होता. भूमितीच्या आकृति काढाव्या, ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून त्यांवरून रेखाटन करावें, वेलबुट्टी घोटावी, असा तो क्रम होता. येथल्या मुलांना आपल्याच देशांतील एक अलौकिक चित्रभांडार शाळेपासून दोनएकशें कोसांच्या आंत आहे, हें त्या वर्गांत बसून कळण्याचा संभव फार थोडा होता.

गिल यांच्या प्रती जळाल्यामुळें तें काम पुन्हां करणें भाग पडलें, आणि १८७२ सालीं तें ग्रिफिथ्स यांच्याकडे आलें. ग्रिफिथ्स यांनीं तें एकट्यानें न करितां आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून करविण्याचें ठरविलें. सात विद्यार्थ्यांची मंडळी बरोबर घेऊन ते अजिंठ्यास गेले. १८७२ पासून १८८५ पर्यंतच्या अवधींत हिंवाळ्याच्या हंगामांत हें काम चाललें. त्यास पन्नास हजार रुपयांहून अधिक खर्च आला आणि सुमारें तीनशें चित्रप्रती तयार झाल्या. त्यांतील मोठ्यांत मोठ्या प्रती अकरा फूट लांब व सहा फूट रुंद आहेत.

हे आंकडे मोठे आहेत, परंतु त्यांच्या पाठीमागचें जीवन डोळ्यांपुढें आणल्यावांचून ते समजत नाहींत. लेण्यांत सूर्यप्रकाश दारांतून व खिडक्यांतून जेवढा आंत येईल तेवढाच. भिंती धुरानें व धुळीनें मळलेल्या. कांहीं ठिकाणीं लेप सुटून खालीं पडलेला, कांहीं ठिकाणीं रंग उडून केवळ रेषा उरलेली. छतावरच्या चित्रांसाठीं मान मागें टाकून तासन् तास पाहात राहावयाचें. मूळ चित्रें मातीच्या लेपावर पांढऱ्या पातळ थर देऊन, चिकट द्रव्यांत कालवलेल्या रंगांनीं काढलेलीं होतीं. लाल व पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, चुना, आणि दूर देशाहून आलेल्या राजावर्त मण्याची निळाई, हें त्यांचें रंगद्रव्य. विद्यार्थ्यांना तोच परिणाम कापडावर तैलरंगांनीं साधावयाचा होता. जेथें चित्र फाटलेलें तेथें प्रतही फाटलेलीच दाखवावयाची, मनानें कांहीं भरावयाचें नाहीं, अशी शिस्त पाळणें हें तरुण हाताला किती कठीण असेल, हें ज्यानें एकदां तरी मुलांकडून नकाशा काढवून घेतला आहे त्याला सांगावयास नको.

या मंडळींत पेस्तनजी बोमनजी हे पुढें मुंबईचे नामांकित चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांचा जन्म १८५१ सालचा, म्हणजे काम सुरू झालें तेव्हां ते एकवीस वर्षांचे होते. इतर विद्यार्थ्यांचीं नांवें संग्रहालयांच्या नोंदींत व ग्रंथांच्या प्रस्तावनांत आहेत. आपल्या घरांतून तीं कोणाच्या तोंडीं नाहींत. हें त्या काळच्या चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांचें भाग्यच होतें. मुंबईच्या ज्या मोठ्या रेल्वे स्टेशनाला आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्याच्या दगडावरचीं पानेंफुलें, पशुपक्षी हे सुद्धां याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें काम आहे. रोज लाखों माणसें त्याखालून जातात, आणि करणाऱ्यांचीं नांवें कोणी विचारीत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. या विद्यार्थ्यांपुढें भिंतीवर होतें तरी काय? नुसत्या सुंदर आकृति नव्हत्या, कथा होत्या. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या ज्या गोष्टींना जातकें म्हणतात, त्या तेथें अथपासून इतिपर्यंत सांगितलेल्या आहेत. दहाव्या लेण्यांतील छद्दंत जातकाचें चित्र यांतील फार जुन्यांपैकीं एक आहे. सहा सुळ्यांचा एक गजराज होता. त्याच्या दोन राण्यांपैकीं एकीच्या मनांत मत्सर भरला. ती मरून काशीच्या राजाची राणी झाली आणि जुना दावा साधण्यासाठीं तिनें त्या हत्तीचे सुळे आणावयास पारधी पाठविला. हत्तीनें पारध्याला ओळखलें, क्षमा केली आणि स्वतःच सुळे काढून दिले. ते सुळे पुढें येतांच राणी मूर्च्छित झाली. सूड पुरा झाला, आणि त्याच क्षणीं सूड घेणारीला तो सोसवला नाहीं. एवढी गोष्ट भिंतीवरच्या एका लांबच लांब पट्ट्यांत सांगितलेली आहे.

सतराव्या लेण्यांत तर अशा कथांची रेलचेल आहे. विश्वंतर राजपुत्राचें चित्र पाहा. त्यानें राज्याचा मंगल हत्ती दान देऊन टाकला, प्रजा संतापली, पित्यानें त्याला हद्दपार केलें. रथांत बायकामुलांसह बसून तो बाजारपेठेंतून निघतो, दुकानदार आपापल्या दुकानांतून पाहात असतात. पुढें तो अरण्यांत जातो आणि शेवटीं आपलीं मुलेंसुद्धां याचक ब्राह्मणाला देऊन टाकतो. चित्रकारानें या प्रसंगांमध्यें चौकटी घातलेल्या नाहींत. राजवाड्याचा खांब आला कीं एक प्रसंग संपला असें समजावें. वेशीतून कोणी बाहेर पडला कीं दुसरा प्रसंग सुरू झाला. खडकांच्या ठोकळ्यांनीं वन आणि नगर वेगळें होतें. कोणाची मान कोणीकडे वळली आहे, कोणाचें बोट कोणीकडे दाखवीत आहे, हें पाहात पाहात आपण पुढें जावयाचें. कांहीं ठिकाणीं कथेचा क्रम काळाप्रमाणें नसून स्थळाप्रमाणें आहे. राजवाड्यांत जें जें घडलें तें सर्व एकत्र व अरण्यांत जें जें घडलें तें सर्व दुसरीकडे, मग तें आधीं घडलेलें असो कीं नंतर. अशा भिंतीपुढें उभें राहिलेल्या माणसाला चित्र पाहावें लागतेंच, शिवाय तें वाचावेंही लागतें.

आणि येथेंच प्रतींचा प्रश्न उत्पन्न झाला. भिंतीवरची कथा अखंड, आणि कापड मात्र मोजमापाचें. कथा पुष्कळ लांब, म्हणून तिचे तुकडे करणें प्राप्त होतें. एक तुकडा राजसभेचा, एक हत्तींचा, एक नुसत्या दोन स्त्रियांचा. तुकडा सुंदर असे, पण त्याचा मागचा व पुढचा धागा तुटलेला असे. विद्यार्थ्यांना तो धागा ठाऊक होता, कारण ते भिंतीपुढें महिनेच्या महिने बसलेले होते. लंडनच्या प्रेक्षकाला तो कोठून ठाऊक असणार?

शिवाय या कामामागचा हेतुही ध्यानांत घेतला पाहिजे. कलाकुसरीच्या धंद्यांना चांगले नमुने मिळावे, हें त्या काळच्या चित्रशाळांचें एक मुख्य उद्दिष्ट होतें. प्रती गेल्या त्या साउथ केन्सिंग्टनला, म्हणजे जेथें कापड, भांडीं, लांकूडकाम यांच्या नक्षीचे नमुने जमविले जात त्याच ठिकाणीं. ग्रिफिथ्स यांनीं या चित्रांवर जो दोन खंडांचा भव्य ग्रंथ लिहिला तो १८९६ व १८९७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा दुसरा खंड छतांवरच्या व खांबांवरच्या नक्षीकामास वाहिलेला आहे. कमळें, हंस, वेली, फळें यांचे तुकडे त्यांत अप्रतिम छापलेले आहेत. अजिंठा म्हणजे नक्षीचें आगर, ही समजूत अशा रीतीनें रूढ झाली, आणि कथा मागें पडली.

तथापि ग्रिफिथ्स यांस कथेचें मोल कळलें नव्हतें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. सोळाव्या लेण्यांतील एका चित्रासंबंधीं त्यांनीं असा अभिप्राय दिला कीं, करुणरसांत, भावांत आणि आपली कथा निःसंदिग्धपणें सांगण्यांत हें चित्र कलेच्या इतिहासांत कोणालाही हार जाणार नाहीं. त्या चित्राला "मरणोन्मुख राजकन्या" असें नांव पडलें व तेंच पुढें पाठ्यपुस्तकांतून चालूं राहिलें. चित्रांतील तरुण स्त्रीची मान कलली आहे, डोळे मिटूं लागले आहेत, दासी तिला सांवरीत आहेत. कोणालाही वाटेल कीं ही आसन्नमरण आहे. परंतु पुढें विद्वानांनीं भोंवतालचा भाग लक्षांत घेतला तेव्हां उलगडा झाला. शेजारींच एक सेवक हातांत राजमुकुट घेऊन उभा आहे. हा मुकुट नंदाचा. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. त्यानें संसार सोडून दीक्षा घेतली, आणि त्याचा मुकुट परत आलेला पाहून त्याची पत्नी सुंदरी मूर्च्छित झाली. ती मरत नाहीं. तिचा नवरा जिवंत असून तिला कायमचा अंतरला, हें त्या मुकुटानें तिला सांगितलें आहे. मुकुट दृष्टीआड केला तर ती एक आजारी राजकन्या. मुकुटासह पाहिली तर साऱ्या प्रसंगाचा अर्थ पालटतो. कथा सांगणाऱ्या चित्रांत कोणताही कोपरा निरुपयोगी नसतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाहीं.

इतक्या कष्टानें झालेल्या प्रतींचें पुढें काय झालें? १८८५ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं काम आटोपलें त्याच वर्षीं, साउथ केन्सिंग्टन येथें आग लागली. पुष्कळ प्रती जळाल्या, पुष्कळ खराब झाल्या. तेरा वर्षांच्या श्रमावर एका दिवसांत ही आपत्ति आली. ज्या वांचल्या त्या, गिल यांच्या उरलेल्या थोड्या प्रतींसह, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. त्यांची संख्या दीडशेंहून अधिक भरते. त्यांतील कांहींवर भिंतीचा जो भाग दिसतो तो आज प्रत्यक्ष भिंतीवर उरलेला नाहीं. म्हणून त्या मुलांच्या हातची प्रत हीच आतां त्या चित्राची एकमेव साक्ष आहे.

दुर्दैवाचा फेरा येथेंही थांबला नाहीं. जपानी चित्रकार आराई काम्पो हे १९१६ सालीं हिंदुस्थानांत आले व त्यांनीं अजिंठ्याच्या प्रती काढल्या. त्या तोकियोच्या विद्यापीठांत ठेविल्या होत्या, आणि १९२३ सालच्या भूकंपांत नष्ट झाल्या. दुसरी गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकांत प्रती काढतांना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींना वार्निश लावण्यांत आलें. तें वार्निश कालांतरानें पिवळें, काळपट पडलें, आणि तें काढण्याचें नाजूक काम पुढें पुरातत्त्व खात्यास करावें लागलें. चित्र वांचविण्यासाठीं केलेल्या उपायानेंच चित्राला बाध आला.

तर मग, श्रोतेहो, चित्रकथा टिकते कशानें? कापडानें नाहीं, वार्निशानें नाहीं. याचें उत्तर ज्यांनीं हीं चित्रें काढविलीं त्यांच्याच परंपरेंत आहे. "दिव्यावदान" या बौद्ध ग्रंथांत असा उल्लेख आहे कीं, विहाराच्या प्रवेशदारापाशीं संसारचक्राचें चित्र काढावें, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तें समजावून सांगण्यासाठीं एका भिक्षूची योजना करावी. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरींत अशा चक्राचें चित्र खरोखरच आहे. म्हणजे चित्र काढलें कीं काम संपलें असें ती मंडळी मानीत नव्हतीं. चित्राशेजारीं सांगणारा हवा, ही तरतूद त्यांनीं अगोदरच करून ठेविली होती.

आपल्या महाराष्ट्रांत ही रीत लेणीं ओस पडल्यावरही सर्वस्वीं नाहींशी झाली नाहीं. बाराव्या शतकांतील "मानसोल्लास" या ग्रंथांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. दक्षिण कोंकणांत, कुडाळजवळील पिंगुळी गांवीं, ठाकर समाजाचे चित्रकथी आजही ही विद्या बाळगून आहेत. त्यांच्या प्रत्येक कथेची एक पोथी असते. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा जुडगा. वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर गात गात ते एकेक चित्र पुढें करतात, आणि रामायण-महाभारतांतील प्रसंग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. या कलेचे उपासक परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रकथ्यांच्या चित्रांतील रेषा अजिंठ्याच्या तोडीची आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तेथें एकही माणूस कथा न समजतां उठून जात नाहीं. लंडनच्या भिंतीवर टांगलेल्या त्या भव्य कापडांपाशीं जर कोणाची उणीव होती तर ती अशा सांगणाऱ्याची.

आतां एक प्रश्न उरतो. त्या सात विद्यार्थ्यांचे श्रम मग फुकटच गेले काय? तसें मला वाटत नाहीं. त्यांच्या कामामुळें चित्रशाळेची दृष्टि एकदां अजिंठ्याकडे वळली ती वळलीच. त्याच शाळेंत १८९० सालीं महादेव विश्वनाथ धुरंधर हे कोल्हापूरहून येऊन दाखल झाले व ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं शिकले. विद्यार्थी म्हणून आणि मग शिक्षक म्हणून मिळून एकेचाळीस वर्षें त्यांनीं तेथें काढलीं. आपल्या घरांतून श्रावणांत ज्या कहाण्या सांगतात त्यांचें किंकेड साहेबांनीं इंग्रजींत केलेलें पुस्तक १९१४ सालीं निघालें, त्याला चित्रें धुरंधरांचीं आहेत. प्लास्टरच्या मूर्तींवरून हात घोटवून घेणाऱ्या शाळेंतून आपल्या आजीच्या कहाण्या चित्रांत सांगणारा कलावंत निघाला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढें याच शाळेंत भित्तिचित्रांचा वर्ग निघाला, आणि १९२४ सालीं विलायतेंत वेंब्ली येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत तेथील विद्यार्थ्यांनीं सजविलेली एक सबंध खोली मांडण्यांत आली.

दुसरीकडे बंगालमध्यें याच भिंतींनीं आणखी एका विद्यार्थ्याला घडविलें. लेडी हेरिंगहॅम नांवाच्या इंग्रज चित्रकर्त्री १९०९ ते १९११ या काळांत अजिंठ्यास प्रती काढावयास आल्या. त्यांना मदत करण्यासाठीं कलकत्त्याहून जे तरुण आले त्यांत नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे होते. नंदलाल त्या वेळीं सत्तावीस वर्षांचे होते. भिंतीवर कथा कशी चालते हें ते तेथें शिकले. १९३८ सालीं हरिपुरा काँग्रेससाठीं त्यांनीं खेड्यांतील माणसांचीं चित्रें काढलीं, आणि पुढें स्वतंत्र भारताच्या संविधानाची जी हस्तलिखित प्रत तयार झाली तिच्या भागांच्या आरंभीं आपल्या देशाचा इतिहास चित्रांत सांगितला. हें काम त्यांनीं आपले शांतिनिकेतनांतील विद्यार्थी बरोबर घेऊन केलें. गुरूनें शिष्यांसह कथाचित्रें काढावीं, ही जुनी रीत आपल्या राष्ट्राच्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथांत अशी येऊन बसली आहे.

आणि भिंतीवरच्या कथांचें वाचनही चालूं राहिलें. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं १९३० पासून १९५५ पर्यंत अजिंठ्यावर चार भाग प्रसिद्ध केले. पुढें डीटर श्लिंगलॉफ या जर्मन पंडितानें जुने बौद्ध ग्रंथ शेजारीं ठेवून एकेका भिंतीचा अर्थ लावण्यांत आयुष्य वेंचलें, आणि ज्या चित्रांना नांवें नव्हतीं त्यांना नांवें मिळालीं. या संशोधकांना उडून गेलेल्या रंगांच्या ठिकाणीं जुन्या प्रतींचा आधार घेतां आला. मुंबईच्या मुलांनीं मनाचें कांहीं न भरतां, फाटलेलें तें फाटलेलें ठेवून जी प्रत केली, तिचा प्रामाणिकपणा असा शंभर वर्षांनंतर उपयोगी पडला.

म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे. उद्यां आपल्या शहरांत चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांनीं कथाचित्रांचें प्रदर्शन मांडलें तर तेथें जावें, आणि घरांतल्या मुलांना बरोबर न्यावें. पहिल्या चित्रापासून क्रमानें पाहावें. मान कोणीकडे वळली आहे, दार कोठें उघडलें आहे, कोपऱ्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत काय आहे, हें मुलांना विचारावें. समजलें नाहीं तर चित्राशेजारीं संकोचून उभा असलेला जो तरुण किंवा तरुणी दिसेल, तिला सरळ म्हणावें कीं, "बाई, ही गोष्ट आम्हांला सांगा." तिच्या दृष्टीनें त्याहून मोठें पारितोषिक नाहीं. आणि विद्यार्थ्यांनींही आपलें चित्र मुकें ठेवण्यांत मोठेपणा मानूं नये. ज्यांनीं अजिंठा घडविला त्यांनासुद्धां सांगणारा भिक्षू नेमावासा वाटला होता.

घरीं परत आल्यावर मुलांना ती कथा आपल्या शब्दांत पुन्हां सांगावयास लावावी. पांच वाक्यांत सांगितली तरी चालेल. तेवढी जर त्यांना सांगतां आली, तर त्या विद्यार्थ्याचें प्रदर्शन सफल झालें असें खुशाल समजावें.